मंजुरीच नाही, तर एजंटाकडे ते औषध आलं कुठून?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. आमचे आण्णा ५७ वर्षांचे. शिवाजी उद्यमनगरात लेथवर त्यांचं आयुष्य गेलं. दीड वर्षापूर्वी त्यांच्या उजव्या हातातून मापाचा व्हर्नियर निसटायला लागला. आधी मानेचा मणका म्हणून उपचार झाले, मग मिरज, मग पुणे. शेवटी दिवाळीनंतर एमएनडी, म्हणजे एएलएस असं निदान झालं. यात मज्जातंतू झिजून हात-पाय, गिळणं, श्वास यांचे स्नायू हळूहळू कमजोर होत जातात. आता दोन्ही हात अधू झालेत, जिना चढताना आधार लागतो. त्यांना आजाराचं नाव आम्ही सांगितलेलं नाही. नसांची कमजोरी आहे एवढंच सांगितलंय.

भावाने इंटरनेटवर एका अमेरिकन औषधाबद्दल वाचलं. दुसऱ्या टप्प्याची चाचणी झालीय, 'फास्ट ट्रॅक' मिळालाय. शाहूपुरीत ओळखीतून एक जण भेटला. तो म्हणतो, सहा-आठ महिन्यांत मंजुरी पक्की. आत्ता सहा लाख भरले तर पहिल्या लॉटमधलं औषध आणून देतो. तोवर मुंबईत स्टेम सेल करून घ्या म्हणतो, त्याचे पैसे वेगळे. भावाने २५ हजार टोकन देऊनही टाकलंय. कागलकडची वीस गुंठे विकायचं घरात चाललंय. मी पतसंस्थेत नोकरीला आहे, कर्जाचे कागद रोज बघते, पण हे कागद मला कळत नाहीत. थांबावं, की विकावं? हातातली वेळ निघून जाईल याची फार भीती वाटते.
— आण्णांची थोरली, कोल्हापूर

उत्तर

थोरले, वयाने मी तुझ्या आईएवढी असेन, म्हणून एकेरीत लिहिते.

आधी जमिनीचं. विकू नका. पुढे आण्णांच्या शुश्रूषेसाठी पैसा लागेल, कदाचित बराच लागेल, तेव्हा त्या वीस गुंठ्यांचा विचार वेगळा करता येईल. पण या सहा लाखांसाठी आणि त्या स्टेम सेलसाठी एक गुंठाही विकू नका.

तू कागद कळत नाहीत म्हणतेस. पण पतसंस्थेत तू कर्जदाराला पहिला प्रश्न विचारतेस तोच इथे विचार: तारण कुठाय? ज्या औषधाला अमेरिकेतच विक्रीची परवानगी नाही, ते शाहूपुरीतल्या माणसाकडे विकायला आलं कुठून? चाचणीतल्या औषधाची प्रत्येक बाटली क्रमांक टाकून, मोजून रुग्णालयात येते. कुणाला कोणत्या तारखेला दिली याची नोंद होते. उरलेल्या गोळ्या आणि रिकाम्या बाटल्यासुद्धा मोजून परत घेतल्या जातात. मी बरीच वर्षं या कामात होते. एक गोळी हिशेबात कमी आली तरी लेखी खुलासा द्यावा लागायचा. चाचणीबाहेरच्या रुग्णाला असं औषध मिळण्याची एक वाट असते, पण ती कंपनीकडून थेट उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे, सरकारी परवानगीने जाते. तिच्यात मधल्या माणसाला जागाच नाही. एखादं औषध परदेशात रीतसर विकलं जात असेल, तर स्वतःपुरतं थोडं आणायला डॉक्टरांची चिठ्ठी आणि केंद्रीय औषध नियंत्रकांचा परवाना लागतो. तुमच्या औषधाला ती पायरीही लागू नाही, कारण ते अजून कुठेच विकलं जात नाही. तेव्हा हा माणूस एक तर दुसरंच काही आणून देणार, नाही तर काहीच देणार नाही.

आता 'मंजुरी पक्की' या शब्दांकडे येऊ. औषधाचं नाव तू लिहिलंयस, ते मी मुद्दाम छापत नाही. ते पुढे चांगलं निघावं अशीच माझी इच्छा आहे. पण 'फास्ट ट्रॅक'चा अर्थ एवढाच, की आजार गंभीर आहे म्हणून कंपनीला अमेरिकेच्या औषध नियामकाशी, म्हणजे एफडीएशी, वरचेवर बोलता येतं आणि कागदपत्रं टप्प्याटप्प्याने देता येतात. औषध लागू पडतं की नाही, याबद्दल त्यात काही म्हटलेलं नसतं. कंपनीच्या पत्रकात 'ऑर्फन' असा शब्द दिसला तर तोही तसाच. रुग्णसंख्या कमी असलेल्या आजारांवर कंपन्यांनी काम करावं म्हणून १९८३ च्या कायद्याने दिलेल्या त्या सवलती आहेत.

दुसरा टप्पा (थोड्या रुग्णांवरची चाचणी) बरा गेला, म्हणजे पहिला पीस गेजमध्ये बरोबर बसला. तेवढ्यावर अख्खा लॉट पास होत नाही, हे आण्णांइतकं कुणाला कळणार? माणसांवर चाचणी सुरू झालेल्या औषधांपैकी ढोबळमानाने दहातलं एक बाजारापर्यंत पोचतं, आणि मेंदू-मज्जातंतूंच्या आजारांत त्याहून कमी. सगळं सुरळीत झालं तरी वेळेचा हिशेब कर. तिसऱ्या टप्प्यात शेकडो रुग्ण भरती व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. शेवटचा रुग्ण भरती झाल्यावर बहुतेक आणखी अकरा-बारा महिने औषध देऊन पाहतात. मग आकडेमोड, मग अर्ज. अर्ज तपासायला घ्यायचा की नाही हे ठरवायला एफडीए ६० दिवस घेते. त्यानंतर नव्या औषधाला साधारण दहा महिने, प्राधान्य मिळालं तर सहा. सहा-आठ महिन्यांत मंजुरी 'पक्की' म्हणणाऱ्याला या वाटेतलं काहीच माहीत नसावं, किंवा सगळं माहीत असूनही तो बोलत असावा.

या आजारातलीच एक खरी हकीकत सांगते, भावालाही वाचून दाखव. एएमएक्स००३५ नावाचं औषध होतं, पाण्यात विरघळवून प्यायची पूड. १३७ रुग्णांवर २४ आठवडे चाचणी झाली. या आजारात रुग्णाची स्थिती ४८ गुणांच्या तक्त्यावर मोजतात. त्यात बारा गोष्टी असतात: बोलणं, लाळ, गिळणं, लिहिणं, ताटातलं कापून खाणं, कपडे घालणं, अंथरुणात कूस बदलणं, चालणं, जिना आणि श्वासाच्या तीन. प्रत्येकीला शून्य ते चार गुण. २४ आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांचे गुण न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी २.३२ ने जास्त राहिले. म्हणजे कुणाला कदाचित बटण स्वतःचं स्वतः लावता आलं असेल, कुणी जिन्याची एक पायरी जास्त टिकवली असेल. या आजारात ते थोडं नाही. २०२० साली हे प्रसिद्ध झालं आणि जगभरच्या रुग्णांनी मंजुरीसाठी जोर लावला.

३० मार्च २०२२ रोजी एफडीएच्या सल्लागार समितीत ६ विरुद्ध ४ असं मत पडलं: पुरावा पुरेसा नाही. सप्टेंबरमध्ये तीच समिती पुन्हा बसली आणि या वेळी ७ विरुद्ध २ असं औषधाच्या बाजूने मत पडलं. २९ सप्टेंबर २०२२ ला मंजुरी मिळाली. किंमत वर्षाला सुमारे १ लाख ५८ हजार डॉलर, म्हणजे त्या वेळचे सव्वा कोटी रुपयांहून जास्त. दरम्यान ६६४ रुग्णांची मोठी चाचणी चालूच होती, ४८ आठवड्यांची. मार्च २०२४ मध्ये तिचा निकाल आला: औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात फरकच नाही. पुढच्याच महिन्यात कंपनीने औषध बाजारातून काढून घेत असल्याचं जाहीर केलं. चाचणी फसली तर रुग्णांच्या हिताचं तेच करू, असं त्यांनी आधी सांगितलं होतं आणि ते पाळलं. मी त्यांना दोष देत नाही. पण बघ, मंजुरी मिळूनसुद्धा औषध दीड वर्षात गेलं. मग मंजुरीच्या आधीच, तीही कुणाच्या तोंडी बोलण्यावर, जमीन विकायची?

उलटंही होतं, तेही सांगायला हवं. मिथाइलकोबालामिन तुला माहीत असेल, आपल्याकडे हाता-पायाला मुंग्या आल्या की डॉक्टर लिहून देतात तेच. जपानमध्ये एएलएससाठी त्याची फार मोठी मात्रा वापरून पाहिली. २०१५ मध्ये कंपनीने मंजुरीसाठी अर्ज केला, पण सगळे रुग्ण मिळून पाहिलं तर फायदा सिद्ध होत नव्हता, आणि २०१६ मध्ये अर्ज मागे घ्यावा लागला. आजार लवकर ओळखलेल्या रुग्णांत मात्र थोडा फायदा दिसत होता. मग तिथल्या डॉक्टरांनी लक्षणं सुरू होऊन वर्षाच्या आतलेच रुग्ण घेऊन नव्याने चाचणी केली. त्यात आजाराचा वेग कमी झालेला दिसला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये जपानने मंजुरी दिली. पहिल्या अर्जापासून नऊ वर्षं लागली. 'आमच्या औषधाने एका गटाला फायदा झाला' असं कंपनी म्हणते तेव्हा ते खोटंच असतं असं नाही, पण तो गट घेऊन पुन्हा चाचणी होईपर्यंत ते सिद्ध झालेलं नसतं. आणि मेडिकलमधून या गोळ्यांची पाकिटं आणून आण्णांना देऊ नकोस. नेहमीची गोळी ५०० किंवा १५०० मायक्रोग्रॅमची असते. तिथे ५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आठवड्यातून दोनदा दिलं, म्हणजे १५०० च्या गोळीच्या तेहतीसपट. आण्णांचं दीड वर्ष झालंय, तरी त्यांच्या बाबतीत याचा विचार करता येईल का, हे न्यूरोलॉजिस्टना जरूर विचार.

यापुढे भाऊ कंपनीचं कुठलंही पत्रक घेऊन आला, की त्यात एकच गोष्ट शोध: चाचणी सुरू होण्याआधी कंपनीने जो मुख्य निकष लिहून ठेवला होता, तो गाठला का? पहिल्याच परिच्छेदात सरळ 'हो' दिसलं नाही आणि 'आशादायक कल', 'उत्साहवर्धक संकेत' अशी भाषा सुरू झाली, तर बहुधा तो गाठलेला नसतो.

स्टेम सेलबद्दल मला जास्त तळमळीने लिहायचंय, कारण पैशाबरोबर तिथे शरीरही जातं. आण्णांच्या कमरेच्या हाडातून मगज (अस्थिमज्जा) काढणार आणि त्यातल्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, मणक्यात सोडणार, बहुतेक हेच असणार. हीच कल्पना फार काटेकोरपणे, प्रयोगशाळेत पेशी वाढवून, त्यांना खास तयार करून अमेरिकेत तपासली गेली. न्युरओन हे तिचं नाव. तिसऱ्या टप्प्यात पेशी दिलेल्यांपैकी सुमारे ३३ टक्के रुग्णांत अपेक्षित सुधारणा दिसली, नुसतं पाणी दिल्यासारखं खोटं इंजेक्शन घेतलेल्यांत २८ टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सल्लागार समितीने १७ विरुद्ध १ मताने पुरावा नाकारला आणि महिनाभरात कंपनीने अर्ज मागे घेतला. इतक्या काळजीने केलेल्या उपचाराची ही गत, तर ज्या ठिकाणी निकालाची नोंदच कुणी ठेवत नाही तिथे आण्णांना काय मिळणार? आपल्याकडे आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही आजारांतलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेल फक्त नोंदणी झालेल्या चाचणीतच देता येतात. आणि चाचणीत रुग्णाकडून औषधाचे पैसे घेत नाहीत. पैसे मागितले की ती चाचणी नाही, धंदा आहे.

यातला सगळ्यात मोठा तोटा तो माणूस तुम्हाला सांगणार नाही. असे स्टेम सेल घेतलेल्या रुग्णाला बऱ्याच खऱ्या चाचण्यांमध्ये घेतच नाहीत. ज्या औषधाच्या आशेने तुम्ही धडपडताय, त्याचीच चाचणी उद्या भारतात आली तर आण्णांना दार बंद होईल.

तू विचारलंस थांबावं का. हातावर हात ठेवून थांबू नका. वेळ जाईल ही तुझी भीती खरी आहे. या आजारात लक्षणांपासून तीन ते पाच वर्षं हा नेहमीचा काळ धरतात, काही जण दहा वर्षांपलीकडेही जातात. म्हणूनच आत्ता काय करायचं ते नीट लिहिते.

श्वासाची तपासणी याच आठवड्यात करून घ्या. नळीत जोरात फुंकायची साधी चाचणी असते, छातीच्या डॉक्टरांकडे होते. बसून आणि झोपून दोन्ही करा म्हणून सांग. आण्णांचं सकाळी डोकं दुखतं का? झोपताना दोन उशा लागायला लागल्यात का? दिवसा पेंगतात का? असेल तर रात्री श्वास पुरत नाहीये. त्यावर बायपॅप नावाचं यंत्र आहे, मास्क लावून झोपायचं. इंग्लंडमधल्या एका अभ्यासात, ज्यांचं गिळणं-बोलणं फारसं बिघडलेलं नव्हतं अशा रुग्णांचं आयुष्य या यंत्राने सुमारे २०५ दिवसांनी वाढलं, आणि दिवसही बरे गेले. एएलएसवरचं १९९५ पासूनचं मंजूर औषध, रिल्युझोल, आयुष्य दोन-तीन महिन्यांनी वाढवतं. ते भारतात सहज मिळतं. आण्णांना चालू नसेल तर का नाही ते विचार. पण बघ, एका यंत्राने औषधापेक्षा जास्त दिलं, आणि ते भाड्यानेही मिळतं. एक सावधगिरी: धाप लागली म्हणून घरी परस्पर ऑक्सिजनचं सिलिंडर लावू नका. या आजारात नुसत्या ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून त्रास वाढू शकतो.

गिळताना ठसका लागायला लागला, तर पोटातून अन्न द्यायच्या नळीचा विषय लांबवू नका. श्वासाची क्षमता निम्म्यावर यायच्या आत ती बसवणं सोपं आणि सुरक्षित असतं. घरात 'नळी म्हणजे शेवट' असं कुणी म्हणेल. तसं नाही.

जनुकांची तपासणी करायला सांग. घरात पूर्वी कुणाला हा आजार नसला तरीही. साधारण शंभरात दोघांना एसओडी१ या जनुकातल्या दोषामुळे हा आजार होतो आणि तेवढ्यांसाठी टोफर्सेन नावाचं औषध आहे, पाठीच्या कण्यातून देतात. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेने त्याला सशर्त मंजुरी दिली. मुख्य चाचणीत त्याने ठरलेला निकष गाठला नव्हता, पण मज्जातंतूंची झीज दाखवणारा रक्तातला एक घटक स्पष्ट खाली आला होता, त्या आधारावर. आण्णा त्या दोघांत असण्याची शक्यता कमी, पण असले तर सगळं चित्रच बदलतं. मग तुझा आणि भावाचाही प्रश्न येतो, म्हणून तपासणीआधी डॉक्टरांशी नीट बोला.

आणि चाचणी शोधा, एजंट नको. भारतातली प्रत्येक औषधचाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असावी लागते, २००९ पासून ते सक्तीचं आहे. घरबसल्या, फुकट बघता येते. आजाराचं नाव टाकलं की कुठल्या रुग्णालयात काय चालू आहे आणि कुणाला घेतात ते दिसतं. लक्षणं सुरू होऊन किती महिने झाले आणि श्वास किती टक्के आहे, यावर बहुतेक ठिकाणी निवड ठरते, म्हणून पहिल्या कमजोरीची तारीख आणि श्वासाचा रिपोर्ट फायलीत वर ठेव. बेंगळुरूचं निमहान्स हे मेंदू-मज्जातंतूंच्या आजारांचं सरकारी रुग्णालय आपल्याला हायवेने सरळ पडतं, एकदा तिथे दाखवून या. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीत इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाईही द्यावी लागते. तुमचं ते औषध कधी अमेरिकेत, युरोपात किंवा जपानमध्ये मंजूर झालंच, तर ऑगस्ट २०२४ च्या आदेशामुळे दुर्मिळ आजारांवरच्या अशा औषधाला भारतात वेगळी चाचणी न करता परवानगी मिळू शकते. म्हणजे आधीसारखी वर्षानुवर्षं वाट पाहावी लागेलच असं नाही. किंमत हा प्रश्न तेव्हाही उरेल.

आता जे तू एका वाक्यात लिहून पुढे गेलीस, त्यावर येते. आण्णांना नाव सांगितलेलं नाही. तुमच्या पोटात काय कालवाकालव होत असेल ते मला कळतं. पण कुठल्याही चाचणीत जायचं तर संमतिपत्र आण्णांना स्वतः वाचून, समजून द्यावं लागतं, आणि त्याच्या पहिल्याच पानावर आजाराचं नाव असतं. मास्क लावायचा की नाही, नळी बसवायची की नाही, हे त्यांच्या शरीराचे निर्णय आहेत. वीस गुंठेही त्यांचीच असतील ना? या आजारात निर्णय घेण्याइतकी विचारशक्ती बहुतेकांची शाबूत राहते. ज्या माणसाने आयुष्यभर शतांश मिलिमीटर तपासला, त्याला आपल्या हातात काय होतंय याचा अंदाज आला नसेल असं मला वाटत नाही. कदाचित तेही तुमच्यासाठी गप्प असतील. न्यूरोलॉजिस्टना आधी फोन करून सांग, की आम्हाला आण्णांसमोर खरं बोलायचंय. तू आणि आई सोबत बसा. सगळं एका दिवसात सांगायची गरज नाही. त्यांना काय काय जाणून घ्यायचंय ते आधी विचारा आणि तेवढंच सांगा. आवाज चांगला आहे तोवर हे बोलणं झालं पाहिजे. पुढे बोलणं जड झालं तर त्यांच्या मनातलं तुम्हाला कळणं अवघड होईल.

सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्राचं काम याच महिन्यात सुरू कर. आण्णांना जिना उतरून जाता येतंय तोवर ते सोपं जाईल.

राहिलं टोकन. भावाला रागावू नकोस, बापासाठी केलंय त्याने. २५ हजार कसे दिले ते विचार. यूपीआयने किंवा खात्यावर दिले असतील तर तो व्यवहार, त्या माणसाचे व्हॉट्सॲप मेसेज आणि औषधाचं नाव लिहिलेलं जे काही असेल त्याचे फोटो काढून ठेव. मग त्याच्याकडे लेखी मागणी करा: औषधाचा परवाना दाखवा, नाही तर सात दिवसांत पैसे परत करा. त्याच्याकडून गोळ्या, पूड, इंजेक्शन काहीही आलं तरी आण्णांना द्यायचं नाही. पाकीट न फोडता अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात घेऊन जा आणि तक्रार द्या. ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर आजच फोन कर, उशीर झाला की रक्कम थांबवणं अवघड होतं. 'अजून थोडे भरा म्हणजे फाइल पुढे सरकेल' असं तो म्हणाला, तर त्यावर उत्तरही देऊ नका.